गरम झाली की मिसिंग: एमजीबीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवूनही न जाणारा त्रास

थंड गाडी अर्ध्या सेल्फला सुरू होते. पहिली वीस-पंचवीस मिनिटं काही तक्रार नसते. मग चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके, झटक्यांमागून मिसिंग, आणि पुढच्या सिग्नलला गाडी बंद. बॉनेट उघडून पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. मिस्त्रीकडे पोचेपर्यंत इंजिन थंड झालेलं असतं, त्यामुळे तिथे ती अगदी शहाण्यासारखी वागते.

पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर काढून डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटर, ठिणगी चारही सिलिंडरना वाटणारा) आत बसणारं इलेक्ट्रॉनिक किट लावलेल्या एमजीबीची, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची, ही ठरलेली तक्रार आहे. तिच्यापुढचा खर्चही ठरलेला: किट खराब म्हणून दुसरं किट, मग ‘स्पोर्ट्स’ लिहिलेली महागडी कॉइल, मग प्लग आणि वायरी, आणि शेवटी ‘त्यापेक्षा पॉइंट बरे होते’.

किटने गाडीत दोनच गोष्टी बदललेल्या असतात, पॉइंट आणि कंडेन्सर. इग्निशन स्विचपासून येणारी पन्नास वर्षं जुनी वायर, डेल्कोच्या आतला अर्थ (बॉडीला जाणारी परतीची जोडणी), रोटर, कॅप, डेल्कोचा शाफ्ट हे सगळं होतं तसंच असतं. पॉइंट या सगळ्याला सांभाळून घेतात; ९ व्होल्ट मिळाले तरी ते उघडतात आणि मिटतात, ठिणगी अशक्त का होईना पडते. किटच्या मॉड्यूलमधलं (इलेक्ट्रॉनिक डबीतलं) सर्किट एवढं सोशिक नसतं. म्हणून नवा भाग घेण्याआधी मोजमाप, आणि तेही गाडी गरम असताना, कॉइलमधून करंट वाहत असताना. थंड गाडीवर घेतलेले आकडे या तक्रारीत जवळजवळ निरुपयोगी असतात.

इथले सगळे आकडे इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या १७९८ सीसीच्या एमजीबीचे आहेत. डेल्को लुकास कंपनीचा, आधीच्या गाड्यांत २५डी४ आणि साधारण १९७४ नंतर ४५डी४. भारतातल्या वाचकांसाठी सोयीची गोष्ट म्हणजे हे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं. आपल्या पेट्रोल अॅम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, फायरिंग ऑर्डरही तीच, १-३-४-२. अॅम्बॅसॅडरवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रीला इथे नव्याने शिकण्यासारखं फार नाही. पोलॅरिटी (बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला), टॅकोमीटर (इंजिनाच्या वेगाचा काटा) आणि बॅलास्ट (कॉइलच्या वाटेतला रेझिस्टन्स), एवढंच वेगळं.

हाताशी एक डिजिटल मीटर, दोन्ही टोकांना मगर-क्लिप असलेली दोन-तीन मीटर वायर, एक जादा प्लग, टायमिंग लाइट आणि कपड्यांचा लाकडी चिमटा ठेवा. चिमट्याचं काम पुढे येईल.

आधी ठरवा: करंट की पेट्रोल

गाडी बंद पडतानाच टॅकोमीटरकडे पाहा. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवत आहेत, आणि काटा एकदम शून्यावर पडला किंवा वेड्यासारखा नाचू लागला, तर कॉइलच्या प्रायमरीला (बॅटरीच्या बाजूच्या वेटोळ्याला) जाणारा करंट तुटतो आहे. मग स्विच, वायर, मॉड्यूल, अर्थ इथेच शोधा. काटा इंजिनाच्या वेगाबरोबर शांतपणे उतरत असेल आणि तरीही ओढ नसेल, तर प्रायमरी ठीक आहे. दोष एचटीच्या (हाय टेन्शन, प्लगकडे जाणाऱ्या जास्त व्होल्टेजच्या) बाजूला आहे, म्हणजे रोटर, कॅप, वायरी, कॉइलची सेकंडरी, नाहीतर पेट्रोलमध्ये. ही खूण फुकट मिळते आणि अर्धं काम करून जाते. १९६४ पर्यंतच्या, तीन बेअरिंगच्या इंजिनांच्या गाड्यांत टॅकोमीटर केबलवर चालतो, तिथे मात्र ती लागू नाही.

पेट्रोलचा संशय असेल तर मागच्या एसयू पंपाचा (पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप) आवाज ऐका. किल्ली ऑन केली की काही टकटक होऊन तो गप्प व्हायला हवा. थांबतच नसेल, भराभर वाजत राहत असेल, तर तो हवा ओढतो आहे किंवा टाकी रिकामी आहे. अजिबात वाजत नसेल आणि फ्लोट चेंबर कोरडा असेल, तर पंपाचे पॉइंट. (हो, या गाडीत पॉइंटचे दोन संच आहेत, आणि दुसऱ्याची आठवण कुणालाच राहत नाही.) बी-सिरीजमध्ये कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्याने पेट्रोल उकळण्याचा त्रासही खरा आहे, पण तो ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर किंवा गरम गाडी दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू करताना दिसतो. मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगात चढ चढताना येणारं मिसिंग बहुतेक वेळा ठिणगीचंच असतं. भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, तेवढ्या दाबात गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि अशक्त ठिणगी तिथे हात टेकते.

कॉइल आणि बॅलास्टचा घोळ

एमजीबीत कॉइलच्या दोन पद्धती आहेत. आधीच्या गाड्यांत साधी १२ व्होल्टची कॉइल, प्रायमरी सुमारे ३ ओहम. १९७४ च्या सुमारास, रबर बंपर आले त्या वेळी, सुमारे १.५ ओहमची कॉइल आली आणि तिच्या आधी तेवढ्याच ओहमची बॅलास्ट तार. या तारेचा चिनीमातीचा ठोकळा वगैरे काही दिसत नाही. ती वायरिंगच्या जुडग्यातच गुंडाळलेली असते, म्हणून निम्म्या मालकांना आपल्या गाडीत बॅलास्ट आहे हेच ठाऊक नसतं.

कॉइल मोजणं सोपं: दोन्ही वायरी काढा, मीटरच्या सुया एकमेकींना टेकवून जो आकडा येतो (०.२–०.३ ओहम) तो लक्षात ठेवा, मग कॉइलच्या दोन टर्मिनलवर मोजा आणि तो वजा करा.

वायरीत बॅलास्ट आहे की नाही हे ओळखताना मात्र भले भले फसतात. कॉइलवरची वायर काढून तिचं व्होल्टेज मोजलं तर बॅलास्ट असो वा नसो, मीटर १२ च दाखवतो. करंट वाहत नसला की रेझिस्टन्सवर व्होल्टेज पडतच नाही. त्यासाठी कॉइल जोडलेली ठेवा, मॉड्यूलची काळी वायर कॉइलच्या निगेटिव्हवरून काढा, कॉइलची मधली एचटी वायर कॅपमधून काढून जादा प्लगला लावा आणि प्लग ब्लॉकवर पक्का टेकवा. आता किल्ली ऑन करून मगर-क्लिपच्या वायरने कॉइलचा निगेटिव्ह अर्थ करा आणि पॉझिटिव्ह ते अर्थ व्होल्टेज मोजा. ११.५ ते १२ आलं तर थेट लाइन. ६ च्या आसपास आलं तर बॅलास्ट, आणि कॉइल १.५ ची. ८ च्या आसपास आलं तर बॅलास्टच्या लाइनवर कुणीतरी ३ ओहमची कॉइल बसवली आहे. दहा सेकंदांत आटपा, कॉइल तापते. क्लिप सोडताना प्लगवर निळी ठिणगी पडायला हवी; पडली तर कॉइल जिवंत आहे हेही कळलं.

घोळ दोन प्रकारचा असतो. थेट लाइनवर १.५ ओहमची कॉइल: चालत्या गाडीत १४ व्होल्ट धरले तर ९ अँपिअरच्या वर करंट, एरवी ३ ओहमच्या कॉइलला साडेचार पुरतात. हे दुप्पट ओझं मॉड्यूलच्या ट्रान्झिस्टरवर पडतं. तो तापतो, तापला की काम सोडतो, थंड झाला की परत उभा राहतो. वरची सगळी लक्षणं हुबेहूब. उलट, बॅलास्ट लाइनवर ३ ओहमची कॉइल लावली तर करंट तीनच्या आसपास येतो. गाडी चालते, पण रेस दिली की मिसिंग. चार सिलिंडरसाठीचं साधं पहिल्या पिढीचं मॉड्यूल असेल तर ३ ओहमची कॉइल आणि थेट १२ व्होल्ट, हीच जोडी ठेवा. कमी ओहमच्या कॉइलसाठी बनलेली, करंटवर स्वतः लगाम ठेवणारी मॉड्यूल वेगळी मिळतात. किटच्या कागदावर ‘किमान इतके ओहम’ असा आकडा असतो, तो आपल्या कॉइलपेक्षा मोठा नको.

बॅलास्ट ठेवायचाच असेल तर मॉड्यूलची लाल वायर बॅलास्टच्या आधीच्या बाजूला, पूर्ण १२ व्होल्टवर घ्या. ती कॉइलच्या पॉझिटिव्हवर टाकली तर सेल्फ फिरत असेपर्यंत इंजिन धरतं आणि किल्ली सोडताच बंद पडतं, कारण सेल्फच्या वेळी सोलेनॉइडकडून बॅलास्टला वळसा घालून पूर्ण व्होल्टेज मिळत असतं. बॅलास्ट तार मधेच तुटली असेल तरीही हेच होतं.

१९६७ पर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो. त्यासाठी पॉझिटिव्ह अर्थचंच किट लागतं. चुकीचं जोडलं की मॉड्यूल किल्ली फिरवताक्षणी जातं आणि त्याला इलाज नाही. मधल्या काळात कुणी निगेटिव्ह अर्थ करून ठेवली असेल, तर ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशा खुणांच्या जुन्या कॉइलवरच्या दोन बारीक वायरी अदलाबदल केल्या आहेत का पाहा. नसतील तर ठिणगीची दिशा उलटी पडते, तिला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते मिसिंग नेमकं भारावर दिसतं.

व्होल्टेज वाटेत कुठे सांडतं

बॅटरीवर १२.६ दिसतात म्हणून कॉइलवर तेवढे पोचतात असं नाही. सीटच्या पाठीमागची बॅटरी, पुढे सोलेनॉइड, तिथून तपकिरी वायर, इग्निशन स्विच, पांढरी वायर, मग गाडीच्या सालानुसार टॅकोमीटर किंवा फ्यूजबॉक्स, आणि मग कॉइल. वाटेत अनेक बुलेट जॉइंट (गोळीसारखं टोक कॉलरमध्ये खुपसायच्या जोडण्या). प्रत्येक जॉइंटवर हिरवट-काळा थर, आणि प्रत्येक थर थोडं थोडं खातो.

अर्धा तास गाडी चालवून आणा. मघासारखाच कॉइलचा निगेटिव्ह अर्थ करा. मीटरची एक सुई फ्यूजबॉक्सवरच्या तपकिरी वायरीच्या टर्मिनलला, दुसरी कॉइलच्या पॉझिटिव्हला. थेट लाइनच्या गाडीत हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. एक व्होल्टच्या वर असेल तर मिसिंगचं कारण तुमच्या हाताशी आहे. मग दुसरी सुई एकेक टप्पा मागे न्या: फ्यूजबॉक्सचा पांढरा, स्विचमधून निघणारा पांढरा, स्विचमध्ये शिरणारा तपकिरी. ज्या दोन टप्प्यांमध्ये आकडा उडी मारतो, तिथे घाण. बुलेट ओढून काढा, बारीक पॉलिश पेपरने घासा, ढिली कॉलर बदला. फ्यूजबॉक्सच्या पाठीमागचे पितळी रिव्हेट तापले की ढिले पडतात. वरून क्लिप चकचकीत आणि खाली रिव्हेट काळाठिक्कर, असं सर्रास आढळतं.

एवढ्याशा फरकाने काय होतं ते पाहा. २० अंशांना ३ ओहम असलेली कॉइल ८० अंशांना ३.७ ओहम होते, तांब्याचा तो गुणच आहे. थंडीत १३.८ व्होल्टला ४.६ अँपिअर मिळत होते. गरम झाल्यावर वाटेत सांडून ११ च व्होल्ट पोचले तर करंट उरतो ३ अँपिअर. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ठिणगी निम्म्याहून खाली. त्यात ५००० आरपीएमला दोन ठिणग्यांमध्ये जेमतेम ६ मिलिसेकंद मिळतात. ‘गरम झाली की मिसिंग’ हे कोडं इथेच सुटतं, आणि नवीन किट घेऊन ते का सुटत नाही तेही.

जॉइंट साफ करूनही फरक उरला तर दोष बहुधा स्विचच्या आतल्या संपर्कात असतो. तिथे रिले द्या: चार पिनांचा साधा ३० अँपिअरचा रिले, ३० नंबरच्या पिनेला सोलेनॉइडकडून २.५ चौमिमीची वायर १० अँपिअरच्या फ्यूजमधून, ८७ वरून कॉइलचा पॉझिटिव्ह आणि मॉड्यूलची लाल, ८६ ला जुनी पांढरी, ८५ अर्थ. मॉड्यूल आणि कॉइल मिळून पाच-सहा अँपिअरच घेतात, त्यामुळे हे पुरून उरतं. रिलेपायी आरव्हीआय टॅकोमीटर मरतो, त्याचं पुढे.

अर्थची बाजू विसरू नका. इंजिन रबराच्या माउंटिंगवर तरंगतं आहे. बॉडीशी त्याला जोडणारी विणलेली पट्टी खराब झाली की सेल्फचा करंट चोक आणि अॅक्सिलरेटरच्या केबलींमधून परततो. सेल्फ फिरवताना ब्लॉक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर पट्टी बदला. चोकची केबल हाताला गरम लागत असेल तर मोजायचीही गरज नाही.

डेल्कोच्या आतली दोन इंचांची वायर

एमजीबीच्या मिसिंगमध्ये सर्वांत जास्त वेळ खाणारी वस्तू ही. डेल्कोची कॅप आणि रोटर काढा. मॉड्यूल ज्या प्लेटवर बसलं आहे ती व्हॅक्यूम अॅडव्हान्सने (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणारी सोय) थोडी फिरते, त्यामुळे तिचा बॉडीशी अर्थ भरवशाचा नसतो. त्यासाठी प्लेटपासून डेल्कोच्या भिंतीवरच्या स्क्रूपर्यंत कापडी आवरणाची एक बारीक, मऊ वायर दिलेली असते. पन्नास वर्षं ती दर मिनिटाला डुलते. आवरण शाबूत दिसतं आणि आतल्या केसासारख्या तारांपैकी तीन-चारच उरलेल्या असतात. किट बसवताना पॉइंटसोबत ही वायर चक्क काढून टाकलेलीही असते, ‘आता लागत नाही’ म्हणून. लागते. मॉड्यूलचा अर्थ याच वाटेने जातो.

तपासायला मीटर ओहमवर ठेवा, एक सुई प्लेटवर, एक डेल्कोच्या बॉडीवर. व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढा आणि सोडा. आकडा जागचा हलता कामा नये. सुया टेकवून मिळतो तेवढाच यायला हवा. ओढताना उडी मारत असेल तर नवीन वायर टाका, ती मऊ, अनेक तारांचीच हवी. साधी जाड वायर प्लेटला अडवते आणि अॅडव्हान्स मारते. ओढलेली हवा धरून ठेवता आली नाही तर डायफ्रॅम फाटलेला आहे.

त्याच हालचालीत मॉड्यूलच्या लाल-काळ्या वायरीही पाहा. त्या ताठ ओढून बाहेर काढल्या असतील तर प्लेट फिरताना रोज ताणल्या जातात, नाहीतर फिरत्या शाफ्टला घासतात. हलक्या पायाने, स्थिर वेगात येणारं आणि पूर्ण रेस दिल्यावर जाणारं मिसिंग असेल तर पहिला संशय इथे घ्या, कारण व्हॅक्यूम अॅडव्हान्स अशाच वेळी प्लेटला ओढून ठेवतो. आत थोडी ढील सोडून, गोल वळण देऊन वायर बाहेर काढा.

शाफ्टचं वरचं टोक चिमटीत धरून बाजूला ढकला. कटकट हलत असेल तर बुश गेलेलं आहे. चुंबकाची कडी मॉड्यूलला घासते किंवा प्रत्येक सिलिंडरला वेगळं टायमिंग मिळतं. किटने हे झाकलं जातं, बरं होत नाही. चुंबकाची कडी शाफ्टवर तळापर्यंत दाबून बसवा. अर्धवट राहिली तर वरचा रोटर एक-दोन मिमी उचलला जातो आणि कॅपमधली कार्बनची कांडी चुरडते. कॅपच्या आत काळी पूड दिसली की हेच समजा.

रोटर, कॅप, वायरी

स्वस्तातला रोटर हा या गाडीचा जुना वैरी. पितळी पट्टी ज्याने धरली आहे तो रिव्हेट आतून शाफ्टच्या फार जवळ येतो आणि मधलं प्लास्टिक पातळ असतं. गरम झालं की ठिणगी कॅपकडे जाण्याऐवजी प्लास्टिक फोडून सरळ शाफ्टमध्ये उतरते. रोटर उलटा करून आत टॉर्च मारा: सुईच्या टोकाएवढं काळं भोक किंवा झाडाच्या मुळासारखी करडी रेघ दिसते. काही दिसलं नाही तरी चाचणी करा. रोटर जागेवर, कॅप बाजूला. कॉइलची मधली एचटी वायर लाकडी चिमट्यात धरून तिचं टोक रोटरच्या मधल्या पितळेपासून ३-४ मिमीवर आणा. दुसऱ्या हाताने निगेटिव्हची मगर-क्लिप अर्थला लावा-सोडा, मॉड्यूलची काळी वायर अर्थातच काढलेली. एखादा पुसट कण उडाला तर हरकत नाही. दर वेळी जाड, निळी ठिणगी पितळेत शिरत असेल, तर तिला अर्थ सापडला आहे आणि रोटर गेलेला आहे. रिव्हेट नसलेला, एकसंध साच्यातला लाल रोटर वापरा. पेसमेकर असलेल्या माणसाने या चाचणीपासून लांब राहावं.

वायरी नुसत्या तांब्याच्या नकोत. त्यांचा रेडिओ-गोंधळ मॉड्यूलला खोटे इशारे देतो आणि टॅकोमीटर नाचतो. कार्बन गाभ्याच्या सप्रेसर वायरी आणि बीपी६ईएस किंवा रेझिस्टरवाले बीपीआर६ईएस प्लग बरोबर. प्लगचा गॅप मूळचाच, ०.६४ मिमी ठेवा. ‘ताकदवान कॉइल आहे तर गॅप वाढवा’ हा सल्ला सगळं ठीक झाल्यावर ०.८ पर्यंत पाळायला हरकत नाही. दोष शोधत असताना वाढवलेला गॅप कॅप आणि रोटरवरचा ताण वाढवून नवा दोष जन्माला घालतो.

अंधारात बॉनेट उघडून, इंजिन स्लोवर ठेवून, वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारलात तर गळती डोळ्यांनी दिसते.

टायमिंग आणि टॅकोमीटर

किट बसवलं की टायमिंग काही डिग्री सरकतंच. जुन्या खुणेवर भरवसा ठेवून गाडी चालवली तर एकतर ती तापते आणि मरगळते, नाहीतर चढावर खटखट वाजते. आधीच्या इंजिनांचा आकडा व्हॅक्यूमची नळी काढून ६०० आरपीएमला १४ डिग्री. नंतरच्या इंजिनांचे वेगळे, इंजिन नंबरवरून मॅन्युअलमध्ये पाहा. पण जुन्या डेल्कोच्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात, म्हणून स्लोच्या आकड्यापेक्षा वरचा आकडा महत्त्वाचा धरा: व्हॅक्यूमशिवाय ३५०० ते ४००० आरपीएमला एकूण ३२ डिग्रीच्या आसपास. डेल्को घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की टायमिंग पुढे जातं. लाइटमधली खूण थरथरत असेल तर स्प्रिंग किंवा बुश. रोटरखालच्या स्क्रूवर तेलाचे दोन-तीन थेंब टाकायचं काम किटवाले लोक सोडून देतात; वजनं मग जागीच अडकतात.

टॅकोमीटरच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत आरव्हीआय किंवा आरव्हीसी लिहिलेलं असतं. आरव्हीसी, म्हणजे साधारण १९७२ नंतरचा, कॉइलच्या निगेटिव्हवरून इशारा घेतो आणि किटशी सहसा भांडत नाही. आरव्हीआय मात्र कॉइलला जाणारा करंट स्वतःमधून वाहून नेतो. रिलेमुळे तो करंट दुसऱ्या वाटेने गेला की काटा मेला. उपाय म्हणजे रिले टॅकोमीटरच्या आधी बसवणं: डॅशबोर्डमागे, रिलेची ८७ नंबरची वायर टॅकोमीटरमध्ये जाणाऱ्या पांढऱ्यावर द्यायची आणि तिथून पुढची कॉइलपर्यंतची वाट जुनीच, पण साफ केलेली. पोलॅरिटी बदललेल्या गाडीत टॅकोमीटरमधून जाणाऱ्या वायरीची दिशाही उलटी करावी लागते.

सगळं बरोबर आलं, तरच मॉड्यूल

एवढं सगळं नियमात बसलं आणि टॅकोमीटरचा काटा अजूनही एकदम पडत असेल, तर आता मॉड्यूलला आरोपी करा. प्लग काढा, कॉइलची एचटी वायर अर्थ करा, कॅप आणि रोटर बाजूला, मॉड्यूलच्या वायरी जोडलेल्या. किल्ली ऑन करून इंजिन हळू फिरवा; कॉइलच्या निगेटिव्हवर एक-दीड व्होल्ट आणि बॅटरीचे बारा असा आकडा आलटून-पालटून यायला हवा. आता केस वाळवायच्या ड्रायरने मॉड्यूल चार-पाच मिनिटं तापवा, तेवढा वेळ किल्ली बंद ठेवून, आणि पुन्हा फिरवा. थंड असताना पलटणारा आकडा गरम झाल्यावर एकाच जागी अडकला, तर मॉड्यूल खरंच गेलेलं आहे. दुसरं लावण्याआधी पहिलं का मेलं ते वरच्या आकड्यांत शोधा, नाहीतर दुसरंही त्याच वाटेने जाईल. इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन राहणं हे एक नेहमीचं कारण. मॉड्यूल चालू अवस्थेत थांबलं असेल तर ते आणि कॉइल दोन्ही नुसत्या उभ्या गाडीत भाजतात. रेडिओ ऐकायचा तर किल्ली अॅक्सेसरीवर.

किट बसवलेल्या गाडीच्या डिकीत पॉइंट आणि चांगला कंडेन्सर लावलेली जुनी प्लेट ठेवा, दोन स्क्रू आणि एका स्क्रूड्रायव्हरसकट. गॅप प्लेट बसवल्यावरच लागतो, २५डी४ ला ०.३५ ते ०.४० मिमी, म्हणून त्या जाडीचं एक फीलरचं पातं त्याच पिशवीत. पॉइंटला आणि किटला टायमिंगची जागा वेगळी असते. दोन्हीच्या खुणा डेल्कोच्या बॉडीवर आणि ब्लॉकवर वेगवेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी करून ठेवल्या, की रस्त्याच्या कडेला लाइटशिवाय काम भागतं.